न मागितलेल्या लिस्टिंगचं ४१,३०० रुपयांचं बिल आणि वकिलाची नोटीस: उत्तर काय द्यायचं?

अंबड_जमाखर्च

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका जॉबवर्क युनिटचे हिशेब माझ्याकडे आहेत. प्रोप्रायटरी फर्म, दोन व्हीएमसी, एक लेथ, सहा माणसं. प्रकरण सविस्तर सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना परत विचारावं लागणार नाही.

फेब्रुवारीत एका बी-टू-बी (धंद्यांची यादी ठेवून गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या) पोर्टलवरून फोन आला. ‘तुमच्या फर्मचं नाव आमच्याकडे आहेच, फक्त नंबर व्हेरिफाय करायचाय.’ फोन मालकांच्या पुतण्याने घेतला आणि आलेला ओटीपी सांगितला. तो एसएमएस अजून फोनमध्ये आहे. त्यात एवढंच लिहिलंय की आपला मोबाइल क्रमांक पडताळण्यासाठी हा ओटीपी. पॅकेज, रक्कम, मुदत, काहीच नाही. ‘तीन महिन्यांची फ्री ट्रायल सुरू झाली’ असा एक मेल नंतर स्पॅममध्ये सापडला. जूनमध्ये ‘वार्षिक प्रीमियम लिस्टिंग’चं टॅक्स इन्व्हॉइस आलं: ३५,००० अधिक १८ टक्क्यांनी आयजीएसटी ६,३००, एकूण ४१,३००.

ऑर्डर फॉर्म नाही, सही-शिक्का नाही, चेक नाही, एक रुपयाही दिलेला नाही. पण आपल्या बाजूच्या अडचणीही सांगतो. ट्रायलच्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा एन्क्वायरी आल्या, त्यातल्या दोघांना पुतण्याने रेट कळवला (काम एकही मिळालं नाही). रिमाइंडर आल्यावर त्यानेच ‘थोडं कमी करा, मग बघू’ असा मेसेज टाकला. आणि जूनच्या जीएसटीआर-२बीमध्ये (सप्लायरनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी) हे इन्व्हॉइस दिसतंय.

आता दिल्लीच्या वकिलाची नोटीस पीडीएफमध्ये आली आहे. सात दिवसांत भरा, नाहीतर लवाद (कोर्टाबाहेर निवाडा देणारा) नेमू, सिबिल खराब करू, एनसीएलटीत (कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात) खेचू, अटक वॉरंट काढू. सोबत रोज तीन-चार फोन: ‘आज ९,९९९ टाका, फाइल क्लोज करतो.’ मालक म्हणतात, देऊन टाका, डोक्याचा ताप नको.

उत्तर द्यायचं का? ओटीपी दिला म्हणजे करार झाला का? आणि २बीचं काय करायचं?

सीबीएस_दिवाणी

सगळ्यात आधी ९,९९९ चं. भरू नका. ते त्याला सूट म्हणतायत, पण पैसे गेल्याबरोबर त्याचा अर्थ बदलतो. आज कंपनीच्या हातात करार झाल्याचा एकही धड कागद नाही. फर्मच्या खात्यातून गेलेली रक्कम हा पहिला कागद ठरेल. उरलेले ३१,३०१ माफ केल्याचं फोनवरचा माणूस लेखी देणार नाही, आणि पुढच्या जूनमध्ये तेच बिल ‘रिन्यूअल’ म्हणून येईल. शिवाय अशा वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते; मुदत कायदा १९६३ च्या कलम १९ प्रमाणे अंशतः भरणा केला की ती तीन वर्षं नव्याने मोजायला लागतात. मालकांना हे एवढं नीट समजावून सांगा.

आता ओटीपी. ‘ओटीपीने करार होतच नाही’ असं उत्तरात लिहू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम १०ए इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार मान्य करतं, त्यामुळे हा मुद्दा टिकणार नाही. ओटीपी कशासाठी दिला, हा प्रश्न धरून ठेवा. करार कायदा १८७२ च्या कलम १३ मध्ये संमतीची व्याख्या आहे: दोघांनी एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने होकार दिला पाहिजे. एसएमएसमध्ये ‘क्रमांक पडताळणी’ आहे. नंबर आपलाच आहे याला दिलेला होकार हा ३५ हजारांच्या पॅकेजला दिलेला होकार होत नाही.

म्हणून तो एसएमएस जिवापाड जपा. पुतण्याचा फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. स्क्रीनशॉट घेताना वरचा सेंडर कोड, तारीख, वेळ आणि पूर्ण मजकूर एकाच चौकटीत येऊ द्या. कापून ठेवलेल्या मजकुरावर समोरचा वकील लगेच बोट ठेवतो. पुढे कोर्टात दाखल करायची वेळ आली तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ फोन हाताशी लागतो. स्पॅममधला ट्रायलचा मेलही डिलीट करू नका. तो तुमच्या विरुद्ध दिसतो, पण त्यात ‘फ्री’ हा शब्द आहे.

कंपनीचं खरं म्हणणं असं असणार की ट्रायल रद्द केली नाही म्हणून पॅकेज आपोआप चालू झालं. ‘नाही म्हटलं नाहीस म्हणजे हो’ अशी अट प्रस्ताव देणाऱ्याला एकतर्फी लादता येत नाही. १८६२ च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडली या इंग्लिश खटल्यापासूनचं हे तत्त्व आहे, गप्प बसणं म्हणजे स्वीकार नव्हे. आधीच सही केलेला करार असता आणि त्यात ऑटो-रिन्यूअलचं कलम असतं तर गोष्ट वेगळी होती.

दुखरी जागा दोन एन्क्वायरींची आहे, ती लपवू नका. करार कायद्याचं कलम ७० म्हणतं की एखाद्याने फुकट करायच्या हेतूने न केलेलं काम तुमच्यासाठी कायदेशीरपणे केलं आणि तुम्ही त्याचा लाभ घेतलात, तर भरपाई द्यावी लागते. हे कलम करार नसतानाच लागू होतं, म्हणून चांगला वकील तेच पुढे करेल. त्यावर उत्तर आहे. पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मोंडल (१९६२) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की समोरच्याला ती गोष्ट नाकारायची किंवा परत करायची मोकळीक असली पाहिजे. नाकारली तर कलम ७० लागत नाही. तुमच्या दोन्ही एन्क्वायरी ट्रायलच्या मुदतीतल्या आहेत, म्हणजे कंपनीने स्वतःच फुकट म्हटलेल्या काळातल्या. ट्रायल संपल्यानंतरची एकही एन्क्वायरी वापरलेली नसेल तर तुम्ही भक्कम जागी आहात. आजपासून त्या पोर्टलवरून आलेल्या कोणालाही रेट द्यायचा नाही, अकाउंटमध्ये लॉगिनही करायचं नाही. लॉगिनची वेळ त्यांच्या सर्व्हरवर नोंदली जाते.

‘कमी करा, मग बघू’ हा मेसेज गळ्याचा फास नाही. त्यात देणं मान्य केल्याचं वाक्य नाही आणि पाठवणारा प्रोप्रायटर नाही. पण कंपनी तो वापरणार, म्हणून उत्तरात आपणच त्याचा उल्लेख करून खुलासा द्यायचा. पुतण्याला आज संध्याकाळपासून या विषयावर एकही मेसेज टाकू देऊ नका.

शरणपूर_रोड_टॅक्स

जीएसटीचा भाग मी घेतो. या प्रकरणात हातातली बाजू बहुतेक वेळा इथेच जाते, कारण कोर्टकचेरीची काळजी मालक करतो आणि रिटर्न मात्र नेहमीच्या सवयीने भरलं जातं.

इन्व्हॉइस २बीमध्ये दिसणं म्हणजे तुम्ही ते मान्य केलं, असं नाही. सप्लायरने स्वतःच्या जीएसटीआर-१ (विक्रीच्या रिटर्न) मध्ये तुमचा जीएसटीआयएन टाकला की ते तुमच्याकडे उमटतं. त्याला तुमची परवानगी लागत नाही. ‘तुमच्या नावावर जीएसटी भरलाय, आता पैसे द्यावेच लागतील’ हे फोनवरचं बोलणं त्यामुळे पोकळ आहे. ते त्यांचं रिटर्न आहे, त्यांनी भरलं.

धोका पुढच्या पायरीत आहे. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आयएमएस आहे. आलेल्या प्रत्येक इन्व्हॉइससमोर अ‍ॅक्सेप्ट, रिजेक्ट किंवा पेंडिंग करता येतं. काहीच केलं नाही तर १४ तारखेला २बी तयार होताना ते स्वीकारलं असं धरलं जातं. तुमचं तसंच झालेलं दिसतंय. त्या महिन्याचं जीएसटीआर-३बी (कर भरायचं रिटर्न) अजून भरलं नसेल तर आयएमएसमध्ये जाऊन आत्ता रिजेक्ट करा आणि २बी पुन्हा मोजायला लावा. ३बी भरेपर्यंत हे करता येतं. रिजेक्ट केलेलं सप्लायरलाही दिसतं, म्हणजे नाकारल्याची तारखेसकट नोंद सरकारी पोर्टलवर तयार झाली. त्या पानाची पीडीएफ काढून ठेवा.

३बी भरून झालं असेल आणि ६,३०० चं क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) घेतलं गेलं असेल, तर पुढच्या ३बीमध्ये ते उलटवा. वापरलं गेलं असेल तर व्याजही भरा. जीएसटी कायद्याच्या कलम १६(२) प्रमाणे सेवा मिळालेली असेल तरच क्रेडिट मिळतं. म्हणजे एका हाताने क्रेडिट घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने ‘आम्हाला सेवा नकोच होती’ लिहायचं, हे एकाच फाइलीत शोभत नाही. समोरच्या वकिलाने ३बी मागवलं तर पहिल्याच तारखेला उत्तर संपतं. नाहीतरी १८० दिवसांत पैसे दिले नाहीत की क्रेडिट उलटवावंच लागतं, मग वाट कशाला बघायची?

टॅलीतही बघा. इन्व्हॉइस आलं की परचेस एंट्री मारायची सवय असते. मारली असेल तर खुलाशासह उलट एंट्री करा, नुसती डिलीट करू नका. एंट्री मारताना टीडीएस कापून भरला गेलाय का तेही तपासा. टीडीएस भरला म्हणजे देणं कबूल केल्याचा आणखी एक कागद. वर्षअखेरीच्या सन्ड्री क्रेडिटर्सच्या (आपण ज्यांचं देणं लागतो त्यांच्या) यादीत हे नाव राहता कामा नये.

आणि मार्च-एप्रिलमध्ये एक साधासा मेल येईल: ‘कृपया बॅलन्स कन्फर्म करा, सात दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू.’ ऑफिसातलं कोणीतरी शिक्का मारून पाठवून देतं. तो कागद म्हणजे मुदत कायद्याच्या कलम १८ खालची लेखी कबुली. त्याला एका ओळीत उत्तर द्या: ‘शिल्लक शून्य, मागणी अमान्य, आमचं अमुक तारखेचं पत्र पाहावं.’

पंचवटीकर_ग्राहक

एवढं डोकं लावण्यापेक्षा ग्राहक आयोगात तक्रार टाका ना. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेच दाखल करता येते. म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात, दिल्लीला जायचं काम नाही. ऑनलाइनही होते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं.

सीबीएस_दिवाणी

दादा, माहिती बरोबर आहे, पण या फर्मला त्या दारातून आत जाणं अवघड आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(७) मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली सेवा वगळली आहे, आणि जॉबवर्क मिळवण्यासाठीची लिस्टिंग म्हणजे व्यापारी हेतूच. स्वयंरोजगाराचा जो अपवाद आहे तो त्या कलमाच्या स्पष्टीकरणात वस्तूंबद्दल लिहिलेला आहे. दुसरं म्हणजे आपण म्हणतोय ‘आम्ही सेवा घेतलीच नाही’, आणि तिथे उभं राहायला ‘आम्ही ग्राहक आहोत’ म्हणावं लागतं. दोन विधानं एकमेकांना काटतात. मुख्य उत्तर कमकुवत होईल असं काही करू नये.

घरगुती प्रकरणात मात्र तुमचाच सल्ला पहिला. मोबाइलवर न मागता चालू झालेली कॉलर ट्यून किंवा गेम पॅक असेल तर १५५२२३ वर बंद करून घ्या, आणि कापलेले पैसे परत मिळावेत म्हणून कंपनीकडे लगेच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. अ‍ॅपवर फुकट म्हणून सुरू झालेलं आणि बंद करता येत नाही असं सबस्क्रिप्शन असेल, तर ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी अ‍ॅपची रचना) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आणि ‘बास्केट स्नीकिंग’ (न मागितलेली गोष्ट बिलात घुसवणं) ही दोन्ही नावं घेऊन मनाई केलेली आहे; १९१५ वर तक्रार देताना तेच शब्द वापरा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन मॅन्डेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) रद्द करायला विसरू नका. हे शेवटचं अंबडवाल्यांनीही करा: ‘व्हेरिफिकेशनचा एक रुपया’ देऊन मॅन्डेट झालंय का, ते फर्मच्या आणि मालकांच्या दोन्ही खात्यांवर बघा.

आता नोटिशीतल्या धमक्या. अटक वॉरंट: पैशाच्या दिवाणी वादात पोलिसांना वसुलीचा अधिकार नाही आणि वकिलाला वॉरंट काढता येत नाही. एनसीएलटी: तिथे मार्च २०२० पासून थकबाकीची किमान मर्यादा एक कोटी आहे, आणि ती प्रक्रिया कंपनी किंवा एलएलपीविरुद्ध चालते, ४१,३०० साठी प्रोप्रायटरी फर्मवर तिथे काही होत नाही. सिबिल: २००५ च्या कायद्याखाली कर्जाची माहिती बँका, एनबीएफसी अशा पतसंस्था पुरवतात, जाहिरातीचं पोर्टल नाही. तरी मालकांचा क्रेडिट रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

लवादाची धमकी मात्र गांभीर्याने घ्या. चारपैकी खरी हीच. कंपनी म्हणणार, आमच्या वेबसाइटच्या अटींमध्ये लवादाचं कलम आहे. लवाद कायदा १९९६ च्या कलम ७(४)(क) मध्ये एक वाक्य आहे, ते प्रत्येक छोट्या उद्योजकाला माहीत असायला हवं: दावा आणि उत्तर यांच्या देवाणघेवाणीत एका बाजूने ‘लवाद करार आहे’ म्हटलं आणि दुसऱ्या बाजूने ते नाकारलं नाही, तर तो लेखी करार मानला जातो. म्हणजे रागारागात ‘तुमची सर्व्हिस भिकार आहे, पैसे मिळणार नाहीत’ असं लांबलचक उत्तर दिलं आणि लवाद करार नाकारायचा राहिला, तर तो करार आपणच उभा करून दिला. सेवेच्या दर्जाबद्दल तर अवाक्षर लिहायचं नाही. दर्जाची तक्रार गिऱ्हाईक करतं.

लवादाचा मेल आलाच तर गप्प बसू नका. पहिल्याच उत्तरात दोन हरकती घ्या. लवाद करारच नाही म्हणून अधिकारक्षेत्र नाही, ही कलम १६ ची हरकत. ती बचावाचं निवेदन देईपर्यंतच घेता येते. आणि कंपनीने एकतर्फी नेमलेला लवाद आम्हाला मान्य नाही. एका पक्षानेच एकमेव लवाद नेमण्याला सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन प्रकरणात आडकाठी केली आहे. दुर्लक्ष केलं तर कलम २५ खाली एकतर्फी निवाडा होतो आणि तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा इथे नाशिकमध्ये बजावता येतो. रद्द करून घ्यायला निवाडा हातात पडल्यापासून तीन महिने, फार तर वर ३० दिवस मिळतात. असले मेल हमखास स्पॅममध्ये जातात, आठवड्यातून एकदा तिथे बघायचं ठरवून टाका.

कोर्टाचं समन्स आल्याचं कोणी सांगितलं तर सोळा अक्षरांचा सीएनआर (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र) क्रमांक मागा आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर टाकून बघा. दिल्लीचा दावा असेल तर तो डीएल या अक्षरांनी सुरू होतो. तिथे काही दिसलं नाही तर बहुधा तो नोटिशीचाच दुसरा अवतार. खरा दावा निघाला तर लेखी जबाबाला समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, जास्तीत जास्त ९०. तेवढ्यात वकील गाठा.

सिन्नर_लघुउद्योग

वरच्या सगळ्यात एक वाट राहिली. ती पोर्टल कंपनी उद्यम नोंदणी असलेली सूक्ष्म किंवा लघु सेवा-पुरवठादार असेल, तर ती एमएसएमई समाधानवर (छोट्या उद्योगांच्या थकबाकीसाठीचं सरकारी पोर्टल) थकबाकीची तक्रार टाकू शकते. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचं कलम १८. सुनावणी पुरवठादार ज्या राज्यात आहे तिथल्या सुविधा परिषदेपुढे होते, खरेदीदार नाशिकचा असला तरी. व्याज बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ. आणि परिषदेचा निवाडा विरुद्ध गेला तर आव्हान द्यायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

याच कायद्यात ‘मानीव स्वीकृती’ आहे: सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर स्वीकारली असं धरतात. इन्व्हॉइस जूनमधलं आहे, ते १५ दिवस उलटून गेले असतील. तरी हरकत आजच लिहा, आणि ‘आम्ही खरेदीदारच नाही, त्यामुळे ही तरतूद आम्हाला लागू होत नाही’ हे वाक्य त्यात घाला. इथून पुढे युनिटला शिस्त लावा: न मागितलेलं इन्व्हॉइस आलं की १५ दिवसांच्या आत नकाराचा मेल गेला पाहिजे. परिषदेचा मेल आला तर तो कंपनीचा नसून सरकारी आहे, हे ओळखा. त्याला तारखेच्या आत उत्तर जाऊ द्या.

अंबड_जमाखर्च

खूप आभार. ३बी अजून भरलेलं नव्हतं, आयएमएसमध्ये रिजेक्ट केलं, २बी परत काढलं, त्यातून ६,३०० चं क्रेडिट निघून गेलं. टॅलीत एंट्री मारली होती, उलटवली. टीडीएस कापलेला नाही. ऑटोपे काही नाही. आता उत्तराचा मसुदा कोणी देईल का? आणि ते मालकांच्या सहीने द्यायचं की वकिलामार्फतच?

सीबीएस_दिवाणी

मालकांच्या सहीने, फर्मच्या लेटरहेडवर चालतं. तुमच्या किंवा पुतण्याच्या सहीने नको. वकिलामार्फत दिलं तर फोन लवकर थांबतात, एवढाच फरक. मजकूर असा ठेवा, मग ओळखीच्या वकिलाकडून इंग्रजी करून घ्या:

‘विषय: आपले इन्व्हॉइस क्र. … व दि. … ची नोटीस. संपूर्ण मागणी अमान्य.

आमच्या फर्मने आपल्याकडून वार्षिक प्रीमियम लिस्टिंग किंवा अन्य कोणतीही सशुल्क सेवा कधीही मागितलेली नाही. आपल्यात व आमच्यात तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक असा कोणताही करार झालेला नाही. लवादाचा करारही झालेला नाही, आणि आपण एकतर्फी नेमलेला कोणताही लवाद आम्हाला मान्य नाही.

दि. … रोजी दिलेला ओटीपी हा आपल्याच संदेशानुसार केवळ मोबाइल क्रमांकाच्या पडताळणीसाठी होता. त्यात पॅकेज, किंमत किंवा मुदत यांचा उल्लेख नाही. त्यानंतरचा काळ आपणच निःशुल्क म्हणून जाहीर केला होता. त्या काळानंतर आम्ही आपल्या सेवेचा कोणताही लाभ घेतलेला नाही व पुढेही घेणार नाही.

दि. … चा व्हॉट्सअ‍ॅप संदेश प्रोप्रायटरने पाठवलेला नाही व तो पाठवण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नव्हता. त्यातून कोणतेही देणे मान्य होत नाही.

आम्ही खरेदीदार नसल्याने एमएसएमईडी कायदा २००६ च्या तरतुदी लागू होत नाहीत. सदर इन्व्हॉइस आम्ही जीएसटी पोर्टलवर दि. … रोजी नाकारले आहे. आपण क्रेडिट नोट काढून ते रद्द करावे, आणि आमच्या फर्मचे नाव, पत्ता, क्रमांक व छायाचित्रे आपल्या पोर्टलवरून १५ दिवसांत काढून तसे लेखी कळवावे.

करार झाला असे आपले म्हणणे असल्यास सही केलेला ऑर्डर फॉर्म, संमतीची तारीख-वेळ व आयपी पत्त्यासह पूर्ण नोंद, आणि फोन संभाषणाचे सुरुवातीपासून शेवटपर्यंतचे ध्वनिमुद्रण पाठवावे. यापुढचा व्यवहार लेखीच करावा.’

एवढंच. ‘देण्यास असमर्थ आहोत’, ‘सध्या मंदी आहे’, ‘विचार करून कळवतो’ यातलं काही येऊ देऊ नका. ध्वनिमुद्रण ‘सुरुवातीपासून शेवटपर्यंत’ मागायचं कारण असं की ‘हो, बोलतोय’ एवढाच तुकडा कापून पाठवतात. करार सिद्ध करायचा भार दावा करणाऱ्यावर आहे, साक्ष्य अधिनियमाचं कलम १०४, त्यामुळे हे मागण्यात आपण काही उपकार मागत नाही.

पत्ता नोटिशीतला घेऊ नका. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि ईमेल मिळतो. एक प्रत तिथे, एक वकिलाला. वकिलाचा नोंदणी क्रमांक नोटिशीवर आहे का तेही बघून ठेवा. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे जीपीओत ‘स्पीड पोस्ट, रजिस्ट्रेशनसह, पोचपावती हवी’ असं सांगा. पावतीवरचा पिन कोड खिडकीवरच तपासा. तेच पत्र त्याच दिवशी ईमेलनेही जाऊ द्या. पोचल्याचं ट्रॅकिंगचं पान लगेच छापून घ्या, काही आठवड्यांनी ते संकेतस्थळावर दिसेनासं होतं.

फोन येतील. ‘उत्तर पाठवलंय, लेखी बोला’ म्हणून ठेवायचा, वाद घालायचा नाही. घरी माणसं पाठवू, बदनामी करू असं कोणी म्हणालं तर ते संभाषण रेकॉर्ड करा, नंबर, तारीख आणि वेळ वहीत लिहा आणि अंबड पोलिस ठाण्यात लेखी अर्ज द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१ धमकीसाठी आहे. अनेकदा एनसीच (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवली जाते, तरी तिची प्रत घ्या. नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्येही (संशयास्पद फोनची तक्रार करायची सोय) टाका.

अंबड_जमाखर्च

मसुदा मालकांना वाचून दाखवला, सही करायला तयार झाले. एक शंका: नोटिशीसोबत ‘लोकअदालत, वादपूर्व प्रकरण’ असं लिहिलेला एक कागदही आहे. तारीख पुढच्या महिन्याची. न गेल्यास एकतर्फी निकाल लागेल असं फोनवाला म्हणतो.

सीबीएस_दिवाणी

लागत नाही. लोकअदालतीत दोघांच्या तडजोडीनेच निवाडा होतो. एक बाजू आली नाही किंवा नाही म्हणाली तर प्रकरण तिथेच संपतं. उलट तिथे जाऊन दोन-पाच हजारांवर सही केली तर त्या निवाड्यावर अपील नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चं कलम २१. कागद खरा आहे का ते आधी बघा: कोणत्या जिल्ह्याचं प्राधिकरण, प्रकरण क्रमांक, शिक्का. नाशिकचा असेल तर सीबीएससमोर जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे दाखवला की सांगतील. बाहेरचा असेल तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर विचारा. खरा निघाला तर वरच्याच पत्राची प्रत जोडून ‘मागणी अमान्य, तडजोडीस तयार नाही’ एवढं लिहून तारखेच्या आधी पाठवून द्या.